विद्वत्तेचे वजन

वाचकहो, तमिळनाडूतील कुंभकोणम हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी दक्षिणयात्रेच्या निमित्ताने पाहिले असेल. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले, देवळांच्या गोपुरांनी गजबजलेले हे नगर. बारा वर्षांतून एकदा येथील महामहम तीर्थात स्नानाचे पर्व येते. मागील पर्व २०१६ साली झाले, पुढील २०२८ साली यावयाचे आहे. मराठी माणसाला हे गाव अगदीच परके नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात जी मराठी घराणी इकडे येऊन स्थिरावली, त्यांपैकी एका घराण्यात सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी झाला, आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली.

शारंगपाणीच्या देवळासमोरच्या सन्निधी रस्त्यावर एक लहानसे, पुढे ओटी असलेले घर आहे. दर्शन घेऊन परतणाऱ्या यात्रेकरूंपैकी थोडेच तिकडे वळतात. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण आणि तारुण्याची पहिली वर्षे या घरात गेली. आज ते घर त्यांचे स्मारक म्हणून जतन केलेले आहे. याच गावच्या शाळेत रामानुजनांना गणिताचे बक्षीस मिळाले, आणि याच गावच्या सरकारी कॉलेजात गणिताखेरीज अन्य विषयांकडे दुर्लक्ष केल्यामुळे ते नापास झाले व त्यांची शिष्यवृत्ती गेली. कॉलेजचा तराजू खोटा होता असे नाही. नियमाप्रमाणे सर्व विषयांत उत्तीर्ण व्हावयास हवे होते, तसे ते झाले नाहीत. तराजूने आपले काम चोख केले. मात्र जे वजन करावयाचे होते, ते त्या तराजूत बसणारे नव्हते.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे की, विद्वानांचे वजन करण्याचे नवे तराजू आता घरोघरी येऊन पोहोचले आहेत. समजा, आपलीच एखादी कन्या किंवा पुतण्या रेणवीय जीवशास्त्रात, म्हणजे प्राणिमात्राच्या देहातील प्रथिने व जनुके यांच्या अभ्यासात, संशोधन करीत आहे. ती नोकरीसाठी अर्ज भरते. त्या अर्जात तीन रकाने असतात: आपले शोधनिबंध किती? त्यांचे उल्लेख किती झाले? आपला एच-निर्देशांक किती? रात्री जेवणाच्या वेळी वडील विचारतात, ‘‘म्हणजे काय ग?’’ आणि तिला ते दोन वाक्यांत सांगता येत नाही. मग घरातील मंडळी आपापल्या परीने अर्थ लावतात. कोणी म्हणतो, आकडा लहान आहे, म्हणजे पोरीने पाच वर्षे वाया घालविली. कोणी म्हणतो, शेजारच्यांच्या मुलाचे तिप्पट निबंध आहेत. या अर्थ लावण्यात पुष्कळदा अन्याय होतो. म्हणून आजच्या लेखात हा तराजू कसा बनला, तो काय मोजतो आणि काय मोजू शकत नाही, याचा थोडा विचार करू या.

शोधनिबंध आणि त्याचे उल्लेख

शोधनिबंध म्हणजे संशोधकाने आपल्या कामाचा जगापुढे ठेवलेला हिशेब. कोणता प्रश्न घेतला, तो कोणत्या रीतीने तपासला, काय आढळले, हे त्यात लिहावे लागते. आणि ते अशा तपशिलाने लिहावे लागते की, दुसऱ्या देशातील अनोळखी माणसालाही तोच प्रयोग करून पाहता यावा. नियतकालिकाचा संपादक तो निबंध त्या विषयातील दोनतीन जाणत्यांकडे तपासण्यासाठी पाठवितो. त्यांनी शंका काढल्या तर लेखकाला उत्तरे द्यावी लागतात. हे सर्व पार पडल्यावर निबंध छापला जातो.

प्रत्येक निबंधाच्या शेवटी, आपण कोणाच्या कामाचा आधार घेतला याची यादी देण्याची प्रथा आहे. विद्वानांच्या जगातील ही ऋणाची नोंद होय. आपल्या निबंधाचे नाव दुसऱ्याच्या यादीत आले की आपला एक उल्लेख झाला. पूर्वी या याद्या जिथल्या तिथे पडून राहत. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड या गृहस्थांनी १९५५ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात अशी सूचना मांडली की, या सर्व याद्या उलट्या दिशेने एकत्र जुळविल्या, तर कोणत्या निबंधाचा पुढे कोणी कोणी उपयोग केला हे एका दृष्टिक्षेपात कळेल. त्यांनी फिलाडेल्फियात संस्था काढली आणि १९६० नंतरच्या दशकात उल्लेखांची मोठी सूची प्रसिद्ध होऊ लागली. गारफील्ड यांचा मूळ हेतू वाचकाला वाट दाखविण्याचा होता. जुना निबंध हाती आला, तर त्या विचाराचे पुढे काय झाले हे शोधता यावे, इतकेच. परंतु एकदा मोजता येण्याजोगी वस्तू हाती आली की मनुष्य ती मोजल्यावाचून राहत नाही. वाट दाखविणारा दिवा हळूहळू काटा-तराजू बनला.

२००५ साली जॉर्ज हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने एच-निर्देशांक सुचविला. तो समजण्यास अवघड नाही. समजा, आपल्या कन्येचे नऊ निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमे ४०, २२, ११, ७, ५, ५, ३, १ आणि ० असे आहेत. एकूण उल्लेख ९४ झाले. आता वरून मोजत यावे. पहिल्या पाचही निबंधांना प्रत्येकी किमान पाच उल्लेख आहेत. सहावा घेतला तर त्याला निदान सहा हवे होते, आहेत पाच. म्हणून तिचा निर्देशांक पाच. यात युक्ती अशी की, एकच निबंध गाजला आणि बाकीचे पडून राहिले, तर निर्देशांक वाढत नाही; आणि वाचकांविना पडलेल्या शंभर निबंधांनीही तो वाढत नाही. हा गुण मानावा लागेल. तथापि त्याचा स्वभावच असा की, तो वयाबरोबर वाढतो, कमी कधी होत नाही. तीस वर्षांच्या तरुणीची आणि साठ वर्षांच्या प्राध्यापकाची त्याने तुलना करणे म्हणजे रोपट्याची आणि वडाची उंची एकाच फूटपट्टीने मोजून रोपट्याला दोष देण्यासारखे आहे.

मद्रासमधील पाच पाने

आकड्यांचा खरा अर्थ कळावयाचा असेल, तर एखाद्या संशोधकाचे काम जवळून पाहिले पाहिजे. कुंभकोणमहून रात्रीच्या गाडीने मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला जाता येते. तेथील विद्यापीठात १९५२ साली जी. एन्. रामचंद्रन हे तिशीतील प्राध्यापक पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून आले. बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली आणि नंतर केंब्रिजला त्यांचे शिक्षण झाले होते. नवा विभाग, साधने बेताची, आणि रेणवीय जीवशास्त्र हे नावही फारसे रुळलेले नव्हते.

त्या सुमारास जे. डी. बर्नल हे इंग्रज शास्त्रज्ञ मद्रासला आले असता त्यांनी सांगितले की, कोलॅजेन या प्रथिनाची रचना अद्याप कोणास नीट उलगडलेली नाही. कोलॅजेन आपल्या कातडीत, हाडांत, स्नायुबंधांत असते. देहातील प्रथिनांचा सुमारे चौथा हिस्सा त्याचाच. मद्रासलाच विद्यापीठाच्या शेजारी चर्मसंशोधनाची मध्यवर्ती संस्था होती आणि कातडे हा तिचा विषय. तेथून नमुना मिळाला. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी क्ष-किरणांच्या साह्याने त्याचा छडा लावण्याचा प्रयत्न केला आणि १९५४ साली ‘नेचर’मध्ये एक लहानसा निबंध छापला: कोलॅजेनचा रेणू तीन धाग्यांचा आहे. पुढील वर्षी त्यांनी त्यात सुधारणा केली, की हे तीन धागे स्वतःशी वळलेले असून शिवाय एकमेकांभोवतीही पीळ घेतात. आपल्या घरात मुलीची वेणी घालणाऱ्या कोणाही गृहिणीला ही रचना चटकन समजेल.

परंतु गोष्ट इथे संपली नाही. डी. एन्. ए.च्या रचनेमुळे नुकतेच नावारूपाला आलेले फ्रान्सिस क्रिक आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला की, मद्रासच्या नमुन्यात काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत. इतके जवळ ते राहूच शकणार नाहीत. ही टीका जगातील अग्रगण्य मंडळींकडून आली होती आणि मद्रासचा विभाग तर अगदी नवा. आपण तेथे असतो तर काय केले असते? पुष्कळांनी रुसून विषय सोडला असता, किंवा वर्तमानपत्रातून वाद घातला असता. रामचंद्रन यांनी साधा प्रश्न विचारला: दोन अणू खरोखर किती जवळ येऊ शकतात? यासाठी त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी तोवर ठाऊक असलेल्या अनेक स्फटिकांच्या रचना धुंडाळल्या, अणूअणूंमधील अंतरे गोळा केली आणि त्यांचे कोष्टक बनविले.

मग त्यांनी प्रश्न व्यापक केला. प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची लांब साखळी. ती साखळी पत्त्याच्या पानांच्या माळेसारखी आहे असे मनात आणा. प्रत्येक पान ताठ, वाकत नाही. परंतु पाने जेथे कोपऱ्याकोपऱ्यांनी जोडली आहेत तेथे दोन बिजागऱ्या आहेत आणि त्यांवर पान फिरू शकते. दोन बिजागऱ्यांचे दोन कोन. एक कोन आडव्या रेषेवर आणि दुसरा उभ्या रेषेवर मांडला, की चौकोनी नकाशा तयार होतो आणि त्यातील प्रत्येक ठिपका म्हणजे साखळीचे एक वळण. आता प्रत्येक ठिपक्याशी अणू एकमेकांवर आदळतात की नाही, हे तपासावयाचे. आजच्यासारखे संगणक नव्हते. टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रावर हे काम झाले. निष्पन्न असे झाले की, नकाशाचा फार मोठा भाग निषिद्ध आहे. थोडक्याच प्रदेशांत साखळीला वळण्याची मुभा आहे. आणि निसर्गात आढळणारी प्रथिनांची प्रमुख वळणे नेमकी त्याच प्रदेशांत बसतात.

रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या तिघांच्या नावाने हा निबंध १९६३ साली ‘जर्नल ऑफ मॉलिक्यूलर बायॉलॉजी’ या नियतकालिकाच्या सातव्या खंडात, ९५ ते ९९ या पृष्ठांवर छापला गेला. पाच पाने! संपूर्ण रचना ठाऊक असलेली प्रथिने त्या वेळी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. आज जगातील सामायिक भांडारात दोन लाखांहून अधिक रचना नोंदल्या गेल्या आहेत आणि एखादी नवी रचना मांडली की ती ‘रामचंद्रन-नकाशा’वर ठेवून तपासण्याचा प्रघात आहे. ठिपके निषिद्ध प्रदेशात पडले, तर संशोधक प्रथम स्वतःचीच चूक शोधू लागतो. १९६८ साली रामचंद्रन आणि शशिशेखरन यांनी याच विषयाचा दीडशेहून अधिक पानांचा सविस्तर आढावा लिहिला आणि तोही जगभर आधाराला घेतला गेला.

आता पहा, उल्लेखांच्या हिशेबाची गंमत. ज्या वेळी एखादी कल्पना इतकी सर्वमान्य होते की, ती पाठ्यपुस्तकात जाऊन बसते, त्या वेळी लोक तिचा मूळ निबंध यादीत देण्याचे सोडून देतात. दूध कोठून येते हे सांगण्यासाठी आपण गवळ्याचे नाव दर वेळी घेत नाही, तसेच हे. आज कित्येक निबंधांत ‘रामचंद्रन-नकाशा’ छापलेला असतो, पण १९६३ च्या त्या पाच पानांचा उल्लेख शेवटच्या यादीत नसतो. मोजणीच्या दृष्टीने तो निबंध तेथे अनुपस्थित आहे. ज्ञानाच्या दृष्टीने मात्र तो तेथे घरच्या मालकासारखा वावरत आहे.

हेही ध्यानात घ्यावे की, कोलॅजेनवरील त्यांच्या निबंधाला पहिले काही महत्त्वाचे उल्लेख मिळाले ते टीकेचे. सूचीत स्तुतीचा उल्लेख आणि खंडनाचा उल्लेख सारखाच एकाने मोजला जातो. पण त्या खंडनातूनच पुढचा नकाशा निघाला. आकडा हे सांगणार नाही. ते जाणण्यासाठी निबंध वाचावे लागतात.

तराजूच्या उणिवा

सर्वांत अधिक उल्लेख कोणत्या निबंधाचे झाले असतील, असे कोणी विचारले तर आपण आइन्स्टाइनचे किंवा डी. एन्. ए.चे नाव घेऊ. वस्तुस्थिती वेगळी आहे. द्रवात प्रथिन किती आहे हे मोजण्याची सोपी रीत सांगणारा लाउरी आणि सहकारी यांचा १९५१ चा निबंध या यादीत अग्रभागी आहे. २०१४ साली झालेल्या मोजणीत त्याचे उल्लेख तीन लाखांहून अधिक भरले. याउलट डी. एन्. ए.च्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा जगप्रसिद्ध निबंध त्या मोजणीतील पहिल्या शंभरांतही नव्हता. प्रयोगशाळेत रोज लागणाऱ्या रीतीचा उल्लेख रोज होतो, यात नवल नाही. स्वयंपाकघरात सर्वांत अधिक वेळा हाताळली जाणारी वस्तू मिठाची बरणी असते. म्हणून पक्वान्नाचे श्रेय कोणी तिला देत नाही.

विषयाविषयांतही अंतर आहे. रेणवीय जीवशास्त्रात माणसे पुष्कळ, निबंध पुष्कळ आणि प्रत्येक निबंधाची यादीही लांब. म्हणून उल्लेखांचा पाऊस पडतो. गणितात माणसे थोडी आणि याद्या आखूड. रामानुजन यांचे १९२७ साली प्रसिद्ध झालेले संकलित निबंध अवघे ३७ आहेत. त्यांपैकी १९१६ च्या एका निबंधातील एक अनुमान १९७४ साली प्येर दलीन्य यांनी सिद्ध केले. म्हणजे अठ्ठावन्न वर्षे ते अनुमान पुढच्या पिढ्यांना कामाला लावीत राहिले. आणि शेवटच्या आजारपणात लिहिलेली त्यांची पाने तर १९७६ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात जॉर्ज अँड्र्यूज यांना सापडली. ती छापलेली नसल्यामुळे कोणत्याही सूचीत त्यांची नोंद असणे शक्यच नव्हते. कोणत्या वर्षापर्यंत मोजावे, म्हणजे रामानुजनांचे वजन पुरे झाले असे म्हणता येईल?

उशिरा पोहोचलेल्या मान्यतेचे दुसरे उदाहरण कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांचे. पटकीचा जंतू एक विष निर्माण करतो आणि त्यामुळे आतड्यातून पाण्याचा लोंढा वाहू लागून रोगी दगावतो, हे त्यांनी सशांवरील प्रयोगांनी दाखविले आणि १९५९ साली ‘नेचर’मध्ये छापले. आरंभीची काही वर्षे त्या निबंधाकडे फारसे कोणी पाहिले नाही. नंतर मात्र पटकीवरचे संशोधन त्याच पायावर उभे राहिले. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानच्या परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले. पण मायदेशी त्यांच्या हयातीत त्यांचा मोठा गौरव झाला नाही. १९८५ साली ते निवर्तले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या कामाची महती सांगणारा लेख लिहिला तो उल्लेखसूचीचे जनक गारफील्ड यांनीच. स्वतःच्या तराजूने प्रारंभी हलके दाखविलेले माप पुढे त्यांनीच दुरुस्त करून दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. कमला सोहोनी यांनी केंब्रिजला वनस्पतींतील श्वसनाशी संबंधित ‘सायटोक्रोम सी’ या द्रव्यावर काम केले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता, असे सांगितले जाते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या अंकाचा चमत्कार शोधला; व्यावसायिक गणितज्ञांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, आणि मग ते नाव जगभर गेले. पानांची संख्या आणि पदव्यांची संख्या यांच्या पलीकडे काहीतरी असते, एवढाच बोध यातून घ्यावा.

आणि कित्येकांचे काम तर कागदावरून शेतात जाते. ७ ऑगस्ट १९२५ रोजी याच कुंभकोणमात जन्मलेले डॉ. एम्. एस्. स्वामिनाथन हे जनुकशास्त्रज्ञ. त्यांचे निबंध पुष्कळ होते. परंतु त्यांच्या कामाचा ठसा पाहावयाचा तर धान्याचे आकडे पाहावेत. गव्हाच्या बुटक्या, खताला दाद देणाऱ्या जाती नॉर्मन बोरलॉग यांच्याकडून आणून येथील शेतकऱ्यांच्या हाती देण्याच्या कार्यात ते अग्रभागी होते. १९६४-६५ साली देशात सुमारे १ कोटी २३ लाख टन गहू पिकला होता; १९६७-६८ साली तो १ कोटी ६५ लाख टनांवर गेला. ज्या शेतकऱ्याने ते बी पेरले, त्याने कोणत्याही यादीत स्वामिनाथनांचा उल्लेख केला नाही. त्यांनी १९८८ साली चेन्नईत स्थापन केलेल्या संस्थेत पुढे तिवरासारख्या खारफुटी वनस्पतींतील खारेपणा सोसण्याची जनुके वेगळी करून ती भातात घालण्याचे रेणवीय जीवशास्त्राचे कामही झाले. समुद्राचे पाणी आत शिरणाऱ्या कावेरीच्या मुखाकडील शेतकऱ्याला या विषयाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. स्वामिनाथन २०२३ साली कालवश झाले.

आकड्यांचा लोभ

एखाद्या मापावर नोकरी, बढती आणि मान अवलंबून ठेवला, की ते माप बिघडू लागते. आपल्याकडे २००९ सालच्या नियमांनी पीएच्. डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निदान एक निबंध छापलेला असणे आवश्यक झाले. २०१० पासून अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकन आले. हेतू चांगला होता. पण मागणी वाढली तसे दुकानही उघडले. पैसे भरा आणि आठवड्याभरात निबंध छापून घ्या, असे सांगणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. त्यांत तपासणी नाही, संपादन नाही, वाचक तर नाहीच. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकली, यावरून रोग किती पसरला होता ते ध्यानात येईल. २०२२ च्या नव्या नियमांत पीएच्. डी.साठी निबंध छापण्याची सक्तीच उरली नाही.

उल्लेखांचेही तसेच. मित्रांनी मित्रांचे उल्लेख करावेत, स्वतःच स्वतःचे करावेत, एकाच प्रयोगाचे चार तुकडे करून चार निबंध करावेत, या युक्त्या सर्वत्र चालतात. नियतकालिकाचा प्रभावांक म्हणून एक आकडा आहे. मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना सरासरी किती उल्लेख मिळाले, हे तो सांगतो. तो नियतकालिकाचा गुण आहे, त्यातील प्रत्येक निबंधाचा नव्हे. मोठ्या वाड्यात राहणारा प्रत्येक भाडेकरू श्रीमंत असतोच असे नाही. पेशींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जमले असताना एक जाहीरनामा तयार झाला. प्रभावांकावरून व्यक्तीची पारख करू नये, तिचे काम वाचून करावी, हा त्याचा आशय. जगातील हजारो व्यक्तींनी व संस्थांनी पुढे त्यावर सह्या केल्या.

मग आकडे अजिबात टाकून द्यावेत काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे होईल. ज्या काळी मोजणी नव्हती, त्या काळी ओळख, जात, घराणे आणि साहेबाची मर्जी यांवर नेमणुका होत असत. एखाद्या लहान गावच्या कॉलेजातून आलेल्या, कोणाचाही वशिला नसलेल्या मुलीचे काम जगाने वापरले आहे, हे आकडे दाखवू शकतात आणि तेव्हा ते तिच्या बाजूने साक्ष देतात. साक्षीदार म्हणून त्यांना जरूर बोलवावे. न्यायाधीशाच्या खुर्चीवर मात्र बसवू नये.

घरच्यांनी काय विचारावे

वाचकहो, आपल्या घरातील तरुण संशोधकाला आपण काय विचारावे, याबद्दल दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतो. ‘‘किती निबंध झाले?’’ हा प्रश्न मागे ठेवावा. त्याऐवजी विचारावे: तू कोणता प्रश्न घेतला आहेस? तो तुला का महत्त्वाचा वाटतो? तुझे उत्तर चुकीचे आहे असे कोणी म्हटले, तर ते तू कसे तपासशील? तुझ्या कामावर कोणी टीका केली आहे का, आणि त्यातून तुला काय मिळाले? हे प्रश्न समजण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. उत्तर देताना त्या मुलाचा वा मुलीचा चेहरा उजळला, तर काम खरे चालले आहे असे समजावे, मग त्या वर्षी निबंध एकही नसो. आणि उत्तर देताना केवळ आकडेच तोंडी आले, तर थोडी काळजी करावी. कोणी पैसे भरून निबंध छापण्याचा सोपा मार्ग सुचविला, तर घरच्यांनी ठामपणे ‘नको’ म्हणावे. तो मार्ग नेतो खरा. पण ज्या दिवशी यादी तपासली जाते, त्या दिवशी निबंधाबरोबर नावही पुसले जाते.

रामानुजनांनी जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या जी. एच्. हार्डी यांना पत्र लिहिले, तेव्हा ते मद्रास बंदराच्या कचेरीत कारकून होते. पदवी नव्हती; नावावर निबंध होते ते मोजकेच, तेही भारतीय गणित मंडळाच्या नियतकालिकातले. त्याआधी केंब्रिजच्या अन्य विद्वानांकडे केलेल्या प्रयत्नांचा उपयोग झालेला नव्हता. हार्डींनी ती पाने बाजूला टाकली नाहीत. त्यांनी आपले सहकारी लिटलवुड यांना बोलावले आणि दोघांनी मिळून ती वाचून काढली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये रामानुजन आगबोटीत बसले.

आज कुंभकोणमच्या त्या घराजवळच्याच विद्यापीठ केंद्रातर्फे दरवर्षी त्यांच्या जन्मदिवसाच्या सुमारास, २२ डिसेंबरच्या आगेमागे, बत्तीस वर्षांच्या आतील गणितज्ञांना रामानुजनांच्या नावाचे पारितोषिक दिले जाते. वयाची मर्यादा बत्तीस, कारण रामानुजन त्याच वयात गेले. पुन्हा कधी दक्षिणयात्रेला गेलात, तर शारंगपाणीचे दर्शन घेऊन पाच मिनिटे त्या ओटीपाशी थांबा, आणि बरोबर एखादे शिकणारे मूल असेल तर त्याला ही हकिगत सांगा: या घरातल्या मुलाला कॉलेजने नापास केले, आणि एका माणसाने त्याची पाने शांतपणे वाचली.